कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढा



आजचा मेसेज धानाचा नाही, कुत्र्याचा आहे. उन्हाळी धानावरच्या खोडकिडीचा मेसेज परवा येईल, तोही वाचा. पण मागच्या पंधरा दिवसांत तीन सभासदांचे व्हॉइस मेसेज आले आणि तिन्ही कुत्र्याबद्दल होते. एकाचं कुत्रं होळीचं मटण झाल्यावर चार दिवसांनी मलूल पडलं. एका ताईंचं कुत्रं अंगणात वाळत घातलेल्या मोहाजवळ आडवं सापडलं. तिसऱ्या भाऊंचा साधा प्रश्न होता, "मॅडम, मोबाईलवर सगळे म्हणतात कुत्र्याला चॉकलेट देऊ नका. पण आमच्याकडे चॉकलेट येतंच कुठं?"

या भाऊंचा प्रश्न एकदम बरोबर आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या याद्या शहरातल्या किंवा परदेशातल्या कुत्र्यांच्या आहेत. त्यात चॉकलेट पहिलं, मग ॲव्होकॅडो, मग कुठल्या तरी बाहेरच्या काजूबदामाचं नाव. आपलं कुत्रं धुऱ्यावर झोपतं, लग्नाच्या पत्रावळी चाटतं, मोहाखाली फिरतं. त्याच्या जिवाला धोका असलेल्या वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या रोजच्या ताटातल्या आहेत. मी शेतीची पदविकावाली, जनावरांची डॉक्टर नाही. खाली लिहिलेलं पशुवैद्यकीय माहिती वाचून आणि डॉक्टरांना विचारून लिहिलं आहे. इलाज तेच करतील. आपल्याला फक्त ओळखायचं कसं आणि पहिल्या दोन तासांत काय करायचं, एवढं माहीत हवं.

कंपनीच्या ग्रुपवर कुत्र्याचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, चिमूर, आरमोरी, धानोरा या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. रात्री बांधीत रानडुकरांचा कळप शिरला की पहिली खबर कुत्रंच देतं. पहाटे मोह वेचायला निघालं आणि कुत्रं पुढं जायला तयार नसलं, तर आपणही थांबतो. असं राखणीतलं तयार कुत्रं बाजारात विकत मिळत नाही. ते मेलं की पुढचं पिल्लू तयार व्हायला दोन हंगाम जातात.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. "माणसाला चालतं ते कुत्र्यालाही चालतं" हे भात, भाकर, अंडं यांच्यापुरतं खरं आहे. काही पदार्थ आपलं लिव्हर आणि किडनी मुकाट्यानं पचवून बाहेर टाकतात, कुत्र्याच्या शरीराला ते जमत नाही. दुसरं म्हणजे यातली बरीच विषबाधा लगेच दिसत नाही. आज खाल्लेलं परवा दिसतं, आणि तोवर आपण काय खाऊ घातलं ते विसरलेलं असतो. म्हणून कुत्रं आजारी पडलं की "आज काय खाल्लं" एवढं विचारून भागत नाही. मागच्या पाच दिवसांचं आठवावं लागतं.

*कांदा, लसूण आणि रस्सा*

होळीच्या मटणाचा जो मेसेज आला, त्यात मला पहिला संशय कांद्याचा आला. कच्चा कांदा कुत्रं सहसा खात नाही. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपल्या मटणाच्या रश्शात कांदा दिसत नाही, कारण तो भाजून, वाटून तर्रीत मिसळलेला असतो. लग्नाच्या मोठ्या गंजात तर किलोकिलोनं जातो. उरलेल्या रश्शात भाकर कुस्करून कुत्र्यासमोर ठेवली की कांदा-लसणाचं सगळं वाटण त्याच्या पोटात.

कांद्यातल्या गंधकाच्या द्रव्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवल्यानं, तळल्यानं किंवा वाळवल्यानं ते जात नाही. कांदा-लसणाच्या मसाल्याच्या पुड्या तर जास्तच तीव्र. अंदाज द्यायचा तर कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू लागतो. आपलं गावठी कुत्रं साधारण १५ किलोचं धरा. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, मध्यम आकाराचे दोन-तीन कांदे. लसूण याच्याही कमी वजनात बाधतो. आणि एकदम एवढं खाल्लं पाहिजे असंही नाही, रोज थोडं थोडं चार-पाच दिवस गेलं तरी नुकसान साठत जातं. लग्नसराईत एकाच गल्लीत आठवड्यात तीन लग्नं असतात, तेव्हा नेमकं हेच घडतं.

लक्षण एक ते पाच दिवसांनी दिसतं. कुत्रं थकतं, धापा टाकतं, खात नाही. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसतात. लघवी काळ्या चहासारखी लालसर-तपकिरी होते. इथे एक घोळ आहे, तो लक्षात ठेवा. आपल्याकडे गोचीड भरपूर, आणि गोचीड तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. दोन्हींचा इलाज वेगळा. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, अंगावर गोचीड आहे का आणि आठवड्यात रस्सा खाल्ला का.

*हाडं*

कच्चं हाड आणि शिजलेलं हाड यात फरक आहे. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, चावलं की सुईसारखे तुकडे पडतात. कोंबडीचं सगळ्यात वाईट, कारण ते पोकळ असतं. घशात अडकतं, आतडं फाडतं. "आमचं कुत्रं जन्मभर हाडं खात आलं, काही झालं नाही" हे मी पन्नास वेळा ऐकलं आहे. खरं असेलही. ज्यांची मेली ती कशानं मेली हे कुणी पोट फाडून पाहिलं नाही, एवढाच मुद्दा आहे. पोट टम्म फुगलं, कुत्रं पाठ वाकवून उभं राहतं, उलटीचा नुसता उमाळा येतो किंवा शी काळी डांबरासारखी पडते, असं दिसलं तर थांबू नका. तेल पाजून हाड खाली उतरत नाही. मक्याच्या कणसाचं बुरकूट आणि आंब्याची कोय आतड्यात अशीच अडकते. दोन महिन्यांत आंबे येतील, तेव्हा आठवा.

*मोह*

आता हंगामाचा विषय. मोहफूल ताजं असताना गोड असतं, वाळल्यावर आणखी गोड. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असते. थोडी फुलं खाल्ली तर कुत्र्याला फार काही होत नाही, जास्तीत जास्त जुलाब होतील. धोका ओल्या ढिगात आहे. अवकाळी पाऊस येतो, वाळत घातलेला मोह भिजतो, आपण तो गोळा करून ताडपत्रीखाली झाकतो. एक-दोन दिवसांत तो आंबायला लागतो आणि साखरेची दारू होते. तुम्हाला त्याचा वास येतो, कुत्र्याला तर आधीच आलेला असतो.

दुसरा धोका सडव्याचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. कुणी काढतं, कुणी पकडतं, तो आपल्या ग्रुपचा विषय नाही. पण सडवा कुणीही ओतलेला असो, नाल्याकाठी किंवा उकिरड्यावर तो पडून राहतो आणि कुत्री, डुकरं, शेळ्या त्यावर जमतात. उकळून काढलेला चोथासुद्धा निर्धोक नसतो.

कुत्र्याच्या शरीराला दारू फार कमी सोसते. माणसाला हसू येईल असं ते झुलत चालतं, लोक व्हिडिओ काढतात. पण आत काय होतं ते पाहा. अंगातली साखर उतरते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. पिल्लू असेल तर काही तासांत जातं. अशा कुत्र्यावर गार पाणी ओतू नका, त्याचं अंग आधीच गार पडत असतं. सावलीत कुशीवर झोपवा, वर पोतं टाका, मान सरळ ठेवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर गुळाचं थोडं पाणी बोटानं हिरडीवर चोळा. गिळत नसेल तर तोंडात काहीच ओतू नका. आणि डॉक्टरांना फोन करा, झोपून उतरेल म्हणून सोडू नका.

*चिंच*

मोहाच्या मागोमाग चिंचेचा विषय मुद्दाम घेतला. कारण दारू उतरवायला चिंचेचं पाणी पाजायची आपल्याकडे रीत आहे, आणि विष खाल्लेल्या जनावरालाही कुणी कुणी तेच पाजतं. कुत्र्याला हे *अजिबात पाजू नका*.

यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. द्राक्षं आणि मनुका खाऊन काही कुत्र्यांची किडनी बंद पडते, हे पशुवैद्यकांना वीसेक वर्षं माहीत होतं. पण का, ते कळत नव्हतं. एक कुत्रं मूठभर मनुका खाऊन ठणठणीत, दुसरं तेवढ्याच खाऊन मरणाच्या दारात. मग अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रात एक केस आली. एका कुत्र्यानं लहान मुलांच्या खेळण्याचा घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला होता आणि त्याची किडनी गेली. त्या पिठात द्राक्ष नव्हतं, मनुका नव्हत्या. होतं ते टार्टारिक आम्लाचं मीठ, जे तिकडे बेकरीच्या पदार्थांत घालतात. तिथल्या डॉक्टरांनी धागा पकडला, कारण द्राक्षातही तेच आम्ल असतं. २०२१ मध्ये त्यांनी हा अंदाज जाहीर केला, आणि २०२२ मध्ये आणखी केसेस छापल्या, त्यात चिंच खाल्लेली कुत्रीही होती.

द्राक्षात हे आम्ल दोन टक्क्यांच्या आत-बाहेर असतं. चिंचेच्या गरात ते शंभर ग्रॅममागे ८ ते १८ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे कितीतरी पट. आपली किडनी ते बाहेर टाकते, कुत्र्याच्या किडनीला ते टाकता येत नाही, तिच्या पेशींत साठतं.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं चिंच खातं होय? नुसती नाही खात. पण सध्या घरोघरी चिंच फोडायचं काम चालू आहे, मीठ लावून गोळे करून ठेवतो. गूळ घातलेली चिंचेची चटणी, चिंच-गुळाचं पाणी, लग्नातल्या आमटीचा तळ, यात गोड आणि खारट चव असते म्हणून कुत्रं चाटतं. वरणात चिमूटभर चिंच होती म्हणून घाबरायचं कारण नाही. गोळाच पळवला किंवा वाडगाभर चटणी संपवली तर मात्र वाट पाहू नका, कारण किती चिंच चालते याचा ठरलेला आकडा नाही. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग कुत्रं सावरल्यासारखं वाटतं आणि आपण सोडून देतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते किंवा थांबते, तोंडाला घाण वास येतो. तोवर किडनी गेलेली असते. पहिल्या काही तासांत डॉक्टरांकडे पोचलं तर ओकवून आणि सलाईन लावून वाचवता येतं.

मनुकांचं तेच. आपल्याकडे त्या शिऱ्यात, प्रसादात, लग्नाच्या गोड भातात येतात. प्रसाद म्हणून कुत्र्याला मूठभर देणारी माणसं मनानं चांगली असतात, त्यांना एवढंच सांगा की मनुका काढून द्या.

*बुरशी लागलेलं धान्य आणि शेंगदाणे*

"आपल्याला नाही खाववत तर कुत्र्याला टाक" ही सवय मला सगळ्यात खटकते. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका, ढेप यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. भाजून किंवा शिजवून ते जात नाही. माणसापेक्षा कुत्र्याचं लिव्हर त्याला लवकर बळी पडतं.

१९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल, म्हणजे आपल्यासारखाच आदिवासी, मक्यावर जगणारा भाग. तिथे अवकाळी पावसात मका भिजला, बुरशी लागली, आणि गरिबीपायी लोकांनी तोच खाल्ला. दोनशेच्या आसपास गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली, शंभरावर माणसं मेली. त्याच घरांत तेच अन्न खाणारी कुत्रीही तशाच आजारानं मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा मक्यात अफ्लाटॉक्सिन निघालं. म्हणजे ज्या घरात कुत्र्याला पिवळेपणा येतो आणि पोट फुगतं, त्या घरानं आपल्या कणगीत एकदा हात घालून पाहावं. कुत्र्याला टाकलेलं आणि आपण खाल्लेलं पोतं बहुतेक एकच असतं.

*चहा, चॉकलेट आणि बाकीचं*

चहा-बिस्कीट कुत्र्याला देणारे भरपूर. बशीतला उरलेला दुधाचा चहा घोटभर चाटला तर मरत नाही, पण सवय लावू नका. खरा धोका कोऱ्या चहापत्तीचा आणि साखरेसकट उकिरड्यावर फेकलेल्या चोथ्याचा. कोरड्या पत्तीत दोन-तीन टक्के कॅफिन असतं. १० किलोच्या कुत्र्याला झटके यायला २०-३० ग्रॅम पत्ती पुरते, आणि फाडलेला पाव किलोचा पुडा म्हणजे त्याच्या आठ-दहा पट. कुत्रं अस्वस्थ होतं, धावत सुटतं, छाती धडधडते.

चॉकलेटही त्याच जातीचं विष आहे, पण पोरांच्या हातातल्या दहा रुपयांच्या दुधाळ चॉकलेटनं १५ किलोचं कुत्रं मरत नाही. काळं कडू चॉकलेट मात्र पाच-सात पट तीव्र असतं. शहरातून येणारे नातेवाईक आणतात, ते उंचावर ठेवा. साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये आणि शुगरवाल्यांच्या काही गोळ्यांत झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याची साखर अर्ध्या तासात खाली येऊ शकते. घरात कुणी शुगरचं असेल तर पाकिटावर हे नाव पाहून ठेवा.

लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासोळी यातल्या मिठानं भर उन्हाळ्यात कुत्रं हैराण होतं, त्याच्यासमोर पाणी ठेवा. लग्नातल्या पुऱ्या-भज्यांचं तेल ओतून दिलं तर स्वादुपिंड सुजतं आणि दोन दिवस नुसत्या उलट्या होतात.

*आपणच खाऊ म्हणून मांडलेलं विष*

हे मी लिहिलंच पाहिजे, कारण उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड वापरायचा सल्ला आपल्याच मेसेजमधून जातो. ४८ भाग भरडलेलं धान्य, एक भाग तेल, एक भाग औषध. म्हणजे आपण ते खाण्यासारखं, खमंग बनवतो. कुत्र्यालाही ते तसंच लागतं. १५ किलोच्या कुत्र्याला त्या आमिषाची लहानशी मूठ, वीस-तीस ग्रॅम, पुरते.

म्हणून आमिष धुऱ्यावर उघडं ठेवायचं नाही. कागदाच्या पुडीत करून चालू बिळात आत सारा, तोंड चिखलानं बंद करा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर आणि उरलेलं आमिष गोळा करून खोल पुरा. त्या तीन-चार दिवसांत कुत्रं घरी बांधून ठेवा. दुकानातून आणलेल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या घरात ठेवत असाल तर त्याही कुत्र्याच्या तोंडाबाहेर. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, तीन ते पाच दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा खात्रीचा इलाज आहे, पण वेळेत पोचलं तर.

झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू बनतो. अशा कुत्र्याला *दूध, भात, भाकर काहीच देऊ नका*. पोटात खाणं गेलं की आम्ल वाढतं आणि वायू जास्त बनतो. त्याची उलटी उघड्या हवेत होऊ द्या, तोंड जवळ नेऊन हुंगू नका, बंद गाडीत घालून काचा लावून नेऊ नका. तो वायू माणसालाही मारतो.

रानडुकरांसाठी पिठाच्या गोळ्यात किंवा मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकणं, हे तर शेती सल्ल्यात कधीच नव्हतं आणि नसेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे. त्यात पहिलं कुत्रं मरतं. ते मेलेलं कुत्रं जंगलाकडेला फेकलं की बिबट्या येतो, मग वनविभाग येतो. कशानंही मेलेलं कुत्रं असो, ते खोल पुरा.

*विषबाधा की पिसाळ?*

तोंडाला फेस, अंग थरथरतंय, तोल जातोय. गावात पहिली हाक येते, "पिसाळलं!" आणि काठ्या निघतात. कितीतरी कुत्री खरं तर विष खाल्लेली असतात. पण उलट चूकही तेवढीच घातक आहे. विषबाधा समजून कुणी तोंडात हात घालून घास काढायला जातो आणि ते खरोखर रेबीजचं निघतं. लांबून पाहून दोन्हींतला फरक तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. म्हणून नियम एकच: थरथरणाऱ्या, फेस येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही, स्वतःचं असलं तरी. पोरांना लांब ठेवा, जमेल तर त्याला खोलीत किंवा गोठ्यात कोंडा आणि फोन करा. लाळ जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला लागली असेल तर साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा (डोळा नुसत्या पाण्यानं) आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. रेबीज एकदा दिसायला लागला की माणसालाही इलाज नाही.

*पहिल्या दोन तासांत*

काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं अंदाजे वजन, या चार गोष्टी सांगा. पाकिटाचा फोटो काढा. उलटी पडली असेल तर काडीनं पिशवीत घेऊन बांधा, डॉक्टरांना दाखवायला कामी येते. फक्त झिंक फॉस्फाइडचा संशय असेल तर तिच्या जवळ जाऊ नका, लांबूनच मातीनं झाका. कोंबड्या त्या उलटीवर चोचा मारणार नाहीत याकडेही लक्ष ठेवा.

ओकवायचं काम डॉक्टरांचं. मिठाचं पाणी पाजू नका, त्यात मीठच इतकं जातं की त्यानंच कुत्रं मरतं. घशात बोटं घालू नका, तेल नको, रॉकेल तर नकोच. माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, तिन्ही कुत्र्याला बाधतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ती दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं संपली.

१९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावरच मिळतं. एटापल्ली, भामरागड, कोरची, कुरखेडा भागातल्या सभासदांना माहीत आहे की गाडी यायला वेळ लागतो आणि रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. म्हणून आधी फोन करून काय करायचं ते विचारा, मग निघा. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर आजच घेऊन ठेवा, रात्री शोधायची वेळ येऊ देऊ नका.

*मग द्यायचं काय?*

साधा भात, भाकर, उकडलेलं अंडं, बिनहाडाची उकडलेली कोंबडी किंवा मासा, काटे काढून. बिनफोडणीचं, बिनचिंचेचं वरण. थोडं ताक. यासाठी वेगळं शिजवायला नको. वरण शिजलं की फोडणी द्यायच्या आधी एक पळी बाजूला काढायची, मटण उकडलं की वाटण टाकायच्या आधी दोन तुकडे काढायचे. तोच कुत्र्याचा वाटा.

लग्नघरच्यांना एक विनंती. पत्रावळी आणि हाडांसाठी मांडवामागे कमरेएवढा खड्डा आधीच खोदा आणि प्रत्येक पंगतीनंतर वर माती टाका. आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं की तो ऐकतो, ऐनवेळी नाही ऐकत.

हा मेसेज स्टार करून ठेवा, म्हणजे रेंज नसताना उघडेल. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी उद्या सकाळी याचाच ऑडिओ टाकते. होळीच्या मटणाच्या प्रश्नावाल्या भाऊंनी कुत्र्याच्या हिरड्यांचा फोटो उजेडात काढून मला पाठवा, आणि फोटोची वाट न पाहता त्याला आजच दवाखान्यात न्या.

– तुमच्या कंपनीची कृषी सल्लागार